हळदी समारंभानंतरचे कपडे, समया आणि ओटा: घरच्या घरी कोणते डाग निघतील?

मोगरा

नमस्कार मंडळी. लग्नघर आवरायला घेतलंय, डागांबद्दल सल्ला हवा आहे. घरात मिळणाऱ्या वस्तूंनी जे निघेल ते घरी काढायचं, बाकीचं ड्रायक्लीनिंगला द्यायचं असा विचार आहे.

१) पांढरा सुती झब्बा. तेलात कालवलेली हळद लागली आहे. कपडे धुवायची वडी लावली तर डाग एकदम लालभडक झाला, म्हणून तिथेच थांबले.
२) जरीची रेशमी साडी. पदराजवळ रुपयाएवढा तेलाचा डाग. पाणी अजून लावलेलं नाही.
३) टेरिकॉटचा फिका निळा शर्ट. त्यावर मिसळीचा कट सांडला आहे, दोन दिवस झाले.
४) पितळी समया आणि चांदीची निरांजनं काळवंडली आहेत.
५) कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेली लिंबं ठेवली होती, तिथे पांढरट गोल उमटलेत. घासून जात नाहीत.

काय करू नये तेही जरूर सांगा.

परीक्षानळी

आधी झब्ब्याबद्दल, कारण लाल रंग बघून बरेच जण घाबरतात आणि त्यावर आणखी काहीतरी ओततात.

हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. आम्लात ते पिवळं राहतं, अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तांबडं होतं. शाळेत हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात तो याच गुणामुळे. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लाल दिसतो, तोही हाच प्रकार. कपड्यांची वडी, धुण्याची पावडर, सोडा हे सगळं अल्कधर्मी. त्यामुळे डाग वाढलेला नाही, पक्काही झालेला नाही, फक्त रंग पालटलाय. नीट खळबळून साबण काढून टाकलात किंवा लिंबाचे चार थेंब टाकलेत की पुन्हा पिवळा होईल.

पण लिंबाने डाग निघत नाही, एवढं लक्षात असू द्या. लाल जाऊन पिवळा दिसायला लागला की 'फरक पडला' असं वाटतं आणि माणूस लिंबं पिळत बसतो. कर्क्युमिन जागच्या जागीच असतं.

ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात विरघळतं, अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि उन्हात त्याचे तुकडे पडतात. हळद काढायच्या सगळ्या उपयोगी युक्त्या या तीन गोष्टींवर उभ्या आहेत.

धुलाईघर

वरचं अगदी बरोबर. लाँड्रीत हळदीचे कपडे याच क्रमाने घेतात.

पहिलं म्हणजे गरम पाणी नाही, इस्त्री नाही, ड्रायर नाही. उष्णतेने तेल आणि रंग दोन्ही धाग्यात खोल बसतात. डाग पूर्ण गेला असं दिसेपर्यंत त्या कपड्याला इस्त्री लावायचीच नाही.

सुकलेला थर असेल तर चमच्याच्या कडेने अलगद खरवडून काढा. मग झब्बा उलटा करा आणि डागाच्या मागच्या बाजूने नळाचं पाणी सोडा, म्हणजे कण आले त्या वाटेने बाहेर पडतील. पुढून पाणी मारलं तर ते आरपार आत जातात.

आता तेल. हळद तेलात कालवलेली आहे, म्हणून तेल काढल्याशिवाय पिवळेपणा हलणार नाही. भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा, पाणी न घालता, थेट डागावर. बोटांनी चोळून पंधरा मिनिटं ठेवा. लिक्विड बहुतेक सौम्य असतं, वडीइतका लाल रंग येत नाही. साध्या पाण्याने धुवा, बोटांना बुळबुळीत लागत असेल तर पुन्हा लिक्विड लावा. तेल निघाल्याची खूण म्हणजे त्या जागी पाणी लगेच शोषलं जातं, थेंब तरंगत नाही.

यानंतर ऊन. झब्बा ओलाच वाळत घाला, डागाची बाजू सूर्याकडे. दोरीवर दुमडून टाकलात आणि डाग आतल्या घडीत गेला तर दिवस फुकट. सुकला की पाणी शिंपडून परत ओला करा. कडक ऊन असेल तर फिकी हळद एका दुपारीत जाते, गडद डागाला दोन-तीन दिवस लागतात. पांढऱ्या सुतीला याहून चांगला उपाय नाही. रंगीत कपडा मात्र तासनतास उन्हात ठेवू नका, हळदीबरोबर कपड्याचाही रंग उतरतो.

मोगरा

आभार! पण सध्या आभाळ भरलेलं असतं, आणि गॅलरीत ऊन जेमतेम तासभर येतं. मग काय?

धुलाईघर

ढगाळ उजेडातही काम होतं, वेळ जास्त लागतो. काचेच्या बंद खिडकीआड ठेवू नका, काच काही किरण अडवते. ग्रिलवर बाहेर टाका.

घाई असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर. मोजमाप पाकिटावर असतं, त्याहून जास्त टाकून फायदा नाही. हिला कोमट पाणी लागतं, साधारण 40 अंश, म्हणजे हात आरामात बुडवता येईल इतपत. थंड पाण्यात ती अर्धवटच विरघळते आणि लोक म्हणतात पावडर वाईट. (कोमट पाणी आता चालेल, कारण तेल आधीच काढलंय.) अर्धा ते एक तास भिजवा. ही पावडर अल्कधर्मी असल्यामुळे डाग सुरुवातीला परत लाल होईल, मग उतरत जाईल. उरलेलं पाणी बाटलीत झाकण लावून ठेवू नका, त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते.

शेवटी अगदी पुसट पिवळी झाक राहिली तर स्पिरिट किंवा अल्कोहोलचा सॅनिटायझर. डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवा, वरून कापसाने टिपा. पिवळा रंग खालच्या फडक्यात उतरताना दिसेल. फडक्याची जागा दर वेळी बदला, नाहीतर तोच रंग परत वर येतो. हे काम गॅसपासून लांब.

पळीपंचपात्र

सगळ्यात सोपं म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून डागावर ओतायचं. फेस येतो तो मळ उचलतो. हळद, तेल, चहा, सगळ्यावर चालतं.

परीक्षानळी

पळीपंचपात्र, हा उपाय सगळीकडे फिरतोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र केले की दोघं एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो ओसरल्यावर खाली राहतं ते सोडियम ॲसिटेट घातलेलं पाणी. ना सोड्याचा गुण शिल्लक, ना व्हिनेगरचा. तुंबलेल्या मोरीत फेसाच्या हालचालीने थोडा गाळ सुटत असेल, पण कपड्यावर जे काही होतं ते तुमच्या घासण्याने होतं.

वेगवेगळे वापरलेत तर दोन्ही गुणी आहेत. सोडा तेलकट मळ, करपलेलं भांडं आणि चहाच्या कपांसाठी. व्हिनेगर नळावरच्या क्षारांसाठी आणि स्टीलवरच्या सप्तरंगी डागांसाठी.

सोड्यातही फरक आहे. खायचा सोडा सौम्य. धुण्याचा सोडा बराच तीव्र, हातमोजे घालून वापरायचा. दोन्ही सोडे ॲल्युमिनिअमला चालत नाहीत, भांडं काळं पडतं. किचनच्या चिमणीची जाळी ॲल्युमिनिअमची असते किंवा स्टीलची, धुण्याच्या सोड्यात बुडवण्याआधी ते बघून घ्या. ॲल्युमिनिअमची असेल तर गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड एवढंच. ॲल्युमिनिअमचं पातेलं काळवंडलं असेल तर त्यात पाणी आणि लिंबाच्या साली किंवा चिंच घालून दहा मिनिटं उकळा. तिथे आम्ल लागतं.

माजघर

शर्टावरच्या कटाबद्दल लिहिते. मिसळीच्या तर्रीचा केशरी रंग मिरचीचा असतो आणि तो तेलात विरघळलेला असतो. म्हणून नुसतं पाणी मारलं की डाग पसरतो आणि कडेला केशरी रिंगण उमटतं.

दोन दिवसांचा आहे, त्यामुळे टाल्कम पावडरचा आता फारसा उपयोग नाही. ताज्या डागाला ती उत्तम: जाड थर, अर्धा तास, झटकून पुन्हा. मैदा किंवा बेसन टाकू नका, पाणी लागलं की लगदा होऊन धाग्यात बसतं. तुमच्या शर्टासाठी भांड्यांचं लिक्विड दोन्ही बाजूंनी लावा, जुन्या मऊ टूथब्रशने कडेकडून मध्याकडे घासा. मध्यातून बाहेर घासलं की डाग मोठा होतो. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने धुवा. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं, त्यामुळे ही फेरी दोन-तीनदा करावी लागेल. दर फेरीनंतर शर्ट पूर्ण सुकवून मगच बघा. ओल्या कपड्यावर तेलाचा डाग दिसत नाही आणि आपण गेला असं धरून इस्त्री फिरवतो.

केशरी झाक उरलीच तर तीही उन्हात उडते, हळदीसारखीच.

आगर

डागांचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्यातल्या दोन गोष्टी, कोकणाकडच्या लोकांच्या उपयोगाच्या.

कपाटातल्या कपड्यांवर बुरशी आली असेल तर ते आधी घराबाहेर नेऊन कोरडेच ब्रशने झटका. घरात झटकलेत तर बुरशीचे बीजाणू बाकीच्या कपड्यांवर जाऊन बसतात. मग अर्धी बादली पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर, कपडा अर्धा तास त्यात, मग नेहमीसारखा धुवायचा. कुबट वास जातो. काळे ठिपके मात्र बहुतेक वेळा राहतात. पांढऱ्या सुतीवर असतील तर क्लोरीनचं ब्लीच, रंगीतवर असतील तर वर सांगितलेली ऑक्सिजनची पावडर. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, त्यांनी बुरशी थांबत नाही. कपडा हाताला थोडा गार लागत असेल तर तो अजून दमट आहे, घडी घालू नका.

दुसरं, केळीचा चीक. केळफूल किंवा कच्ची केळी चिरताना उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. हवा लागली की त्यातली टॅनिनं तपकिरी होतात आणि मग तो डाग हट्टी असतो. ओला असतानाच रॉकेल किंवा स्पिरिटने टिपून लगेच साबणाने धुतला तर निघतो. वाळून तपकिरी झाला की पांढऱ्या कपड्यावरचा लिंबू-मीठ-उन्हाने फिका होईल, पूर्ण जाईल असं आश्वासन कोणी देऊ नये. चिरण्याआधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावा, अंगावर जुना कपडा घाला. फणसाच्या चिकालाही तेलच.

धुलाईघर

आता साडी. मोगराताई, पाणी लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत. रेशमावर पाण्याचंच रिंगण उठतं आणि ते तेलापेक्षा जास्त दिसतं.

साडी सपाट पसरा, डागाखाली पांढरं सुती फडकं. बिनवासाची, बिनरंगाची टाल्कम पावडर डागावर जाड टाका, उलट बाजूनेही टाका. वर दुसरं फडकं आणि हलकं वजन, एखादं वही-पुस्तक पुरे. रात्रभर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा, चोळू नका. रेशमाचे तंतू चोळल्याने विस्कटतात आणि तिथे कायमची पांढरट, निस्तेज जागा तयार होते. तो डाग नसतो, त्यामुळे कोणी काढूनही देऊ शकत नाही. पावडर पिवळसर झाली असेल तर ती तेल ओढतेय, अजून एक रात्र करा.

एवढ्यावर गेलं तर ठीक, नाहीतर ड्रायक्लीनिंगला. देताना डागाभोवती सुती दोऱ्याचा कच्चा टाका घाला आणि 'तेल आहे, कधीचं आहे, घरी फक्त पावडर लावली आहे' असं स्पष्ट सांगा. तेलाला वेगळं द्रावण लागतं, चहाला वेगळं. न सांगता दिलेल्या साडीवर अंदाजाने काम होतं.

रेशीम आणि लोकर यांना सोडा, क्लोरीन ब्लीच, ऑक्सिजन पावडर, कडक ऊन यातलं काहीही नको. दोन्ही प्राण्यांपासून मिळालेले, प्रथिनांचे धागे. क्लोरीन तर त्यांना अक्षरशः विरघळवतं. जरीवर लिंबू-चिंच चुकूनही नको.

परीक्षानळी

क्लोरीनचा विषय आलाय म्हणून एक गोष्ट ठळकपणे. क्लोरीन ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका, एकामागोमाग एक ओतूही नका. व्हिनेगर किंवा लिंबाबरोबरही नको. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. ब्लीच वापरायचं ते फक्त पाण्यात मिसळून, खिडकी उघडी ठेवून.

गंजाच्या डागावरही ब्लीच नको, डाग पक्का होतो. चिमट्याच्या स्प्रिंगचे वगैरे तांबूस डाग असतात त्यावर लिंबू आणि मीठ चोळा, अर्धा तास उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आधी रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा.

मोगरा

खूप छान माहिती मिळतेय. एक राहिलंच, दुधाच्या चहाचे डाग टेबलक्लॉथवर आहेत. पांढरा, सुती. आणि समया-निरांजनांचं कोणी सांगेल का?

माजघर

चहात दूध आहे, म्हणून आधी गार पाणी. गरम पाण्याने दुधातलं प्रथिन घट्ट बसतं, रक्ताच्या डागाचंही हेच. गार पाण्यात अर्धा तास, मग लिक्विड डिटर्जंट. तपकिरी खूण उरली तर हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की 3 टक्क्यांचं होतं. कापसाने लावून दहा मिनिटांनी धुवा. फक्त पांढऱ्यावर.

थर्मासच्या आतला चहाचा थर: एक मोठा चमचा खायचा सोडा, गरम पाणी गळ्यापर्यंत, झाकण न लावता एक तास. मग बाटली धुवायचा ब्रश.

तांबटआळी

समयांसाठी चिंच आणि मीठ, त्याला तोड नाही. लिंबाएवढी चिंच वाटीभर कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा, त्यात एक चमचा जाडं मीठ. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं, मीठ ते काम लवकर करून देतं. दोन-तीन मिनिटांत रंग उजळतो. चूक होते ती यापुढे. कोळ तसाच ठेवला, किंवा धुऊन ओल्याच समया ठेवल्या की दुसऱ्या दिवशी हिरवट-गुलाबी चट्टे येतात. भरपूर पाण्याने धुवा, थोडी साबणाची धार देऊन उरलेलं आम्ल मारा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. समयीचे भाग पेचावर फिरवून सुटे होतात, पेचात पाणी अडकतं. सुटे करून धुवा आणि सुटेच सुकवा.

वातीच्या टोकाजवळ तेलाचा चिकट राळेसारखा थर असेल तर चिंच लावून उपयोग नाही. आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून तो काढा, मग चिंच.

पितळेवर पारदर्शक लॅकर असेल (शोभेच्या वस्तूंना असतं) तर चिंच, पावडर काही लावू नका. लॅकर तुकड्यातुकड्याने सुटतं आणि चट्टेपट्टे दिसतात.

चांदीला चिंच नको. पातेल्यात ॲल्युमिनिअम फॉइल अंथरा, चमकती बाजू वर की खाली याने काही बिघडत नाही. त्यावर निरांजनं ठेवा, प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे. एक लिटर उकळतं पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा. काळा थर चांदीच्या सल्फाइडचा असतो, त्यातलं गंधक ॲल्युमिनिअमकडे जातं आणि चांदी जागेवरच राहते. घासून काढलेल्या थराबरोबर थोडी चांदीही जाते, म्हणून ही पद्धत बरी. दोन ते पाच मिनिटं पुरतात. सडक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडा. मोती, खडे, चिकटवलेलं काम किंवा मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड नक्षी असलेल्या वस्तूंना हे करू नका, नक्षीतला काळेपणाही निघून जातो.

फरशीकाम

ओट्याचं थोडक्यात. ते गोल म्हणजे डाग नव्हेत. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, लिंबाच्या आम्लाने त्याचं वरचं पॉलिश खाल्लंय. बोट फिरवून बघा, तिथे किंचित खरखरीत लागेल. कोणत्याही क्लीनरने ते जाणार नाही. ओटा कोरडा करून खोबरेल तेलाचं बोट फिरवलंत तर पांढरटपणा दबेल, पण काही दिवसांपुरता. खरा उपाय दगडाला पुन्हा पॉलिश करून घेणं.

शहाबादी, कोटा, संगमरवर यांनाही व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड चालत नाही. ग्रॅनाइट यात बरंच टिकाऊ. कडप्प्यावर तेलकट झालं असेल तर भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी पुरे.

बोअरच्या पाण्याने नळावर पांढरा थर बसतो त्याला मात्र आम्लच हवं. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व मागितलं तरी मिळेल. फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, वीस मिनिटांनी धुवा. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा जातो. आणि नळाखाली कडप्पा असेल तर आधी प्लास्टिक अंथरा, ठिबकलेल्या थेंबांनी तिथे नवे गोल उठतील.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. लिक्विड लावून झब्बा ग्रिलवर टाकलाय, साडीवर पावडर आहे. आरशावरच्या टिकल्यांचा चिकटा राहिलाय, तो कशाने?

माजघर

खोबरेल तेल. बोटाने लावून दहा मिनिटं थांबा, जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने सरकवा, मग भांड्यांच्या लिक्विडचं फडकं आणि कोरडं फडकं. ब्लेड नको, काचेवर चरे पडतात. बाटल्यांच्या लेबलांनाही हेच चालतं. फडकं ठिबकेल इतकं ओलं करू नका, आरशाच्या कडेतून पाणी मागच्या लेपापर्यंत गेलं की काळे ठिपके येतात.